थर्ड पार्टी इन्स्पेक्शन: परदेशी क्लायंट वर्षानुवर्षं टिकवायचा असेल तर ही सर्व्हिस घ्याच

परदेशातल्या क्लायंटला माल पाठवणारे बरेच जण विचारतात की माल निघायच्या आधी बाहेरच्या एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची का, त्याचा खर्च वसूल होतो का, की नुसती कटकट आहे. माझं उत्तर एकच, घ्या, आणि क्लायंटने मागायच्या आधी घ्या. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे सांगते, पण जे चार दिलेत ते अगदी मनापासून दिलेत.

मी कॅनव्हासच्या चेनवाल्या बॅगा शिवून बाहेर पाठवते. क्लायंट सगळे परदेशातले, त्यातले बहुतेक जण मला कधी प्रत्यक्ष भेटलेले नाहीत, माझा कारखाना त्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलाय. आता त्यांच्या बाजूने विचार करा. हजारो किलोमीटरवरून एक बाई सांगतेय की माल एकदम मस्त झालाय, फोटो पण पाठवतेय, पण फोटो तर प्रत्येक जणच चांगल्या नगाचा काढतो ना? कंटेनर उघडेपर्यंत त्याच्या हातात आपला शब्द, आपले फोटो आणि कागदपत्रं एवढंच असतं, आणि कंटेनर उघडल्यावर काही निघालं तर तोवर पैसे गेलेले असतात, सीझन गेलेला असतो आणि त्याचा स्वतःचा गिऱ्हाईक त्याच्या नावाने ओरडत असतो. अशा माणसाला "विश्वास ठेवा" म्हणून काय उपयोग, त्याला विश्वास ठेवायला काहीतरी कारण द्यायला पाहिजे.

ही गरज काही आजची नाही. तपासणी करणाऱ्या मोठ्या एजन्सींपैकी ब्युरो व्हेरिटास १८२८ मध्ये अँटवर्पला सुरू झाली ती विमा करणाऱ्यांना जहाजांची खरी माहिती द्यायला, आणि एसजीएस १८७८ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ बंदरात सुरू झाली ती येणाऱ्या धान्याची तपासणी करायला, कारण पाठवणारा एक वजन सांगायचा, घेणारा दुसरं, आणि मध्ये कोणीतरी तिसरा पाहिजे होता ज्याचं दोघांनी ऐकावं. आता अशा मोठ्या आणि छोट्या एजन्सी भरपूर आहेत. मी कोणाकडून घेते ते मुद्दाम लिहीत नाही कारण हा रिव्ह्यू या प्रकारच्या सर्व्हिसचा आहे, एका कंपनीचा नाही. आणि एक गोष्ट आधीच क्लिअर करते, काही देशांची सरकारं आयातीवर सक्तीची तपासणी लावतात ज्यासाठी डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) वेगळा करार आहे, ते हे नव्हे. हे आपण आणि क्लायंटने आपापसात ठरवून करायचं असतं.

बुकिंग साधं आहे. ऑनलाइन फॉर्म भरायचा, पीओ (क्लायंटची परचेस ऑर्डर), स्पेसिफिकेशन, पॅकिंगची माहिती जोडायची आणि तारीख घ्यायची. चार्ज मॅन-डेवर लागतो म्हणजे एक माणूस एक दिवस. माल सगळा तयार पाहिजे आणि कमीत कमी ८० टक्के पॅक झालेला पाहिजे, साधारण सगळीकडे हाच नियम, आणि तो बरोबरच आहे कारण अर्धा माल मशीनवर असताना तपासणी करून काय कळणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लायंटने मंजूर केलेलं सॅम्पल, सही आणि सील केलेलं, इन्स्पेक्टर आल्याबरोबर टेबलावर पाहिजे. ते नसेल तर तो कशाशी ताडून बघणार, मग रिपोर्टमध्ये "सॅम्पल उपलब्ध नाही" अशी ओळ येते आणि क्लायंटच्या मनात उगाच किंतू येतो.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते जरा नीट सांगते कारण सगळा खेळ त्यातच आहे. समजा ३,००० बॅगांचा लॉट आहे, ५० च्या पॅकिंगने ६० कार्टन. इन्स्पेक्टर आधी कार्टन मोजतो, मग त्यातले आठ निवडतो (एकूण कार्टनच्या वर्गमुळाएवढे घ्यायची पद्धत आहे) आणि ते तो स्वतः निवडतो, आपण पुढे काढून ठेवलेले चालत नाहीत. चांगला इन्स्पेक्टर असेल तर थप्पीच्या सगळ्यात खालचा आणि भिंतीकडचा मागतो, माणसं वैतागतात, पंधरा खोके हलवून तो एक काढावा लागतो, पण मला तोच इन्स्पेक्टर आवडतो. मग आयएसओ २८५९-१ या नमुना तपासणीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या तक्त्याप्रमाणे या साइझच्या लॉटमधून १२५ बॅगा निघतात. दोष तीन प्रकारात मोजतात. क्रिटिकल म्हणजे वापरणाऱ्याला इजा होईल असा, मेजर म्हणजे ज्यामुळे गिऱ्हाईक वस्तू परत करेल असा, आणि मायनर म्हणजे दिसतो पण कामात अडत नाही असा. मेजरसाठी एक्यूएल (म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे त्याची ठरवलेली पातळी) २.५ आणि मायनरसाठी ४.० ठरलेलं असेल तर १२५ मध्ये मेजर ७ पर्यंत पास आणि ८ झाले की फेल, मायनर १० पर्यंत पास आणि ११ ला फेल. क्रिटिकल एकही चालत नाही. आमच्या धंद्यात क्रिटिकल म्हणजे तुटलेल्या सुईचा तुकडा शिवणीत राहिला तर. त्यासाठी इन्स्पेक्टर आमचं सुईचं रजिस्टर पण बघतो, सुई तुटली की तिचे सगळे तुकडे गोळा करून कागदावर चिकटवायचे, तारीख आणि मशीन नंबर टाकायचा, एक तुकडा जरी मिळाला नाही तरी त्या मशीनवरचा माल बाजूला.

मग तो एकेक बॅग हातात घेतो. टेपने लांबी रुंदी, टाके मोजणं, पट्ट्याला वजन अडकवून टांगून ठेवणं, पांढरं सुती फडकं रंगावर घासून फडक्याला रंग लागतो का बघणं, चेन पुन्हा पुन्हा उघडबंद करणं, बारकोड स्कॅन करणं. शेवटी भरलेलं कार्टन ठरलेल्या उंचीवरून टाकायचं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सहा बाजूंवर, असं दहा वेळा, आणि मग उघडून आतला माल बघायचा. हे सगळं करताना तो फोटो काढत असतो आणि आपण शेजारी उभं राहिलो तरी मध्ये बोलायचं नसतं. संध्याकाळी प्राथमिक निकालावर आपली सही घेतो आणि पूर्ण रिपोर्ट साधारण दुसऱ्या दिवशी येतो.

तर ही झाली सर्व्हिस. पण माझ्या लेखी तिची खरी किंमत माल पास होण्यात नाहीच. पास झालेला रिपोर्ट क्लायंट उघडतो, वरचा निकाल बघतो आणि बंद करतो. खरी किंमत कळते ती फेल झाल्यावर, आणि माझं हे मत एका फेल रिपोर्टमुळेच पक्कं झालंय.

एका नव्या क्लायंटचा माल होता, ऑर्डर लहान पण पुढे मोठं काम मिळायची शक्यता होती. तपासणीत चेनचे रनर अडकायला लागले. इन्स्पेक्टरने पाच-सहा वेळा ओढून बघितलं, दात सुटले, त्याने बॅगेवर लाल बाणाचा स्टिकर लावला, फोटो काढला आणि बॅग डाव्या ढिगात टाकली. मग अजून एक. तो डावा ढीग वाढताना बघणं काय असतं ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. मेजर मर्यादेच्या वर गेले, लॉट फेल. चेनचा पुरवठादार जुनाच होता पण त्या खेपेतल्या एका रंगाच्या चेनीत रनर ढिले होते.

आता आमचं आधीच ठरलं होतं की एजन्सी रिपोर्ट मला आणि क्लायंटला एकाच वेळी पाठवेल, माझ्या हातून जाणार नाही. माझ्या ओळखीत बरेच जण म्हणाले होते की असं कशाला करतेस, आधी आपल्याकडे येऊ दे, काही निघालं तर गुपचूप दुरुस्त करून परत तपासणी लावता येते, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबातच पटत नाही. परदेशी क्लायंटशी व्यवहारात झाकलेली मूठ चालत नाही कारण ती कधी ना कधी उघडतेच, आणि उघडते ती त्याच्या गोदामात.

रिपोर्ट गेला त्याच रात्री मी मेल लिहिली. माफीनामा नाही आणि सारवासारव पण नाही. कुठल्या रंगात प्रॉब्लेम आहे, तो एका खेपेपुरता आहे हे कशावरून म्हणतोय, त्या रंगाच्या सगळ्या बॅगांच्या चेन बदलणार, बाकीच्या रंगांची प्रत्येक बॅग उघडबंद करून बघणार, परत तपासणीचा खर्च आमचा, आणि माल किती उशिराने निघेल त्याची नवी तारीख. तारीख देताना मी दोन दिवस जास्तच धरले, कारण एकदा उशीर झाल्यावर दिलेली दुसरी तारीख चुकली तर मग बोलायला तोंडच राहत नाही. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं, नवी तारीख मान्य आहे, रिपोर्टची वाट बघतो. दुसरी तपासणी पास झाली, माल गेला.

त्यानंतर जे झालं ते महत्त्वाचं. पुढच्या ऑर्डरच्या कॉलवर तो म्हणाला की पहिला माल सरळ पास झाला असता तर तुम्ही कशा आहात हे मला कळलंच नसतं, अडचण आल्यावर तुम्ही काय करता ते मला आता माहीत आहे. आज तो माझा सगळ्यात जुन्या क्लायंटपैकी एक आहे. मी स्वतःच्या तोंडाने कितीही सांगितलं असतं की आम्ही क्वालिटीत तडजोड करत नाही तरी हे झालं नसतं, कारण हे वाक्य त्याला प्रत्येक सप्लायर ऐकवतो. आमचा वाईट दिवस त्याला तिसऱ्या माणसाकडून, फोटोसकट, वेळेत कळला आणि पुढचं आमच्याकडून कळलं, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

मला या आयएसओ २८५९-१ स्टँडर्डमधली एक गोष्ट फार आवडते ती म्हणजे त्यात विश्वास कमी-जास्त करायचे नियमच लिहिलेत. नॉर्मल तपासणी चालू असताना सलग पाच किंवा कमी लॉटमध्ये दोन फेल झाले की कडक तपासणी लागते, म्हणजे तेच १२५ नग पण मेजर ७ ऐवजी ५ पर्यंतच माफ. आणि कडकवरून परत नॉर्मलला यायचं तर सलग पाच लॉट पास व्हावे लागतात. कडक तपासणीत असताना एकूण पाच लॉट फेल झाले तर तपासणीच थांबवायची, आधी कारखाना सुधारा मग या. उलट सलग चांगलं काम होत राहिलं तर सैल तपासणीवर जाता येतं आणि १२५ च्या जागी ५० च नग बघितले जातात. जायला दोन आणि कमवायला पाच, माणसांच्या बाबतीत पण साधारण असंच असतं. पण लक्षात ठेवा एजन्सी आपणहून हे बदल करत नाही, प्रत्येक ऑर्डर सुटी धरून दरवेळी नॉर्मलच लावते. क्लायंटशी बोलून हे लेखी ठरवावं लागतं, आणि ठरवाच, कारण मग तुमच्या चांगल्या कामाचा हिशोब कुठेतरी साठत जातो, नाहीतर दहावी ऑर्डर पण पहिल्यासारखीच शून्यापासून सुरू होते.

काही जण म्हणतात एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं बरोबर असली की पैसे द्यायची बँकेची हमी) आहे ना, मग हे कशाला. एलसी मी पण वापरते आणि पैशाच्या सुरक्षिततेला ती उत्तमच आहे, पण तिचं काम वेगळं आहे. एलसी ज्या नियमांवर चालते ते यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू आहेत, आणि त्यातलं पाचवं कलम स्पष्ट सांगतं की बँकांचा संबंध कागदपत्रांशी, मालाशी नाही. कागद बरोबर असतील तर खोक्यात काय आहे ते बँक बघणार नाही, आणि माल सोन्यासारखा असला तरी कागदावर एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर बँक अडवू शकते. म्हणून कित्येक क्लायंट एलसीच्या कागदपत्रांतच इन्स्पेक्शन सर्टिफिकेट मागतात, म्हणजे मालाकडे कोणीतरी बघितलंय याचा पुरावा कागदांत येतो. तसं असेल तर सर्टिफिकेट कोण देणार आणि त्यावर काय लिहिलेलं असणार हे एलसी उघडायच्या आधीच ठरवून घ्या, नंतर शब्दांवरून फार त्रास होतो. आमचं त्या फेल रिपोर्टवाल्या क्लायंटशी नातं एलसीवरून सुरू झालं, मग अ‍ॅडव्हान्स आणि बाकी बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढल्याची पावती) कॉपीवर, आणि आता ओपन अकाउंटवर आलंय, म्हणजे माल आधी आणि पैसे नंतर. विश्वास काही एकाच बाजूने वाढत नाही, आम्हालाही त्याच्यावर टाकावा लागला. त्यानेही प्रत्येक पेमेंट तारखेला केलं तेव्हाच आम्ही पुढचं पाऊल टाकलं.

एजन्सी कोणी नेमायची यावर खूप वाद होतात. माझं मत, निवड क्लायंटला करू द्या. पैसे आपण दिले तरी चालेल पण नाव त्याने सांगावं, किंवा आपण दोन-तीन नावं द्यावी आणि त्याने त्यातलं एक घ्यावं, कारण पैसे देणाऱ्याच्या बाजूने रिपोर्ट झुकतो ही शंका कोणाच्याही मनात येते आणि ती चुकीची पण नाही. चांगल्या एजन्सी इन्स्पेक्टर आल्यावर आपल्याकडून एक फॉर्म भरून घेतात की कुठलीही भेटवस्तू, पैसे दिले-घेतले नाहीत. तो फॉर्म नसेल तर मी स्वतः मागते.

आता कापलेला स्टार. पहिली तक्रार, इन्स्पेक्टर बदलला की सर्व्हिस बदलते. एक जण शिवणीचा दोरा दोन मिलिमीटर बाहेर दिसला तरी मायनर धरतो, दुसरा त्याच्याकडे बघत पण नाही. एका एजन्सीने तर आमच्याकडे असा माणूस पाठवला ज्याने आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्सचा माल तपासला होता, त्याला कॅनव्हासची विणीतली गाठ म्हणजे दोष वाटत होता, दिवसभर समजावण्यात गेला आणि रिपोर्टमध्ये शेवटी "क्लायंटने ठरवावं" असं लिहून मोकळा. यावर उपाय म्हणजे दोषांची स्वतःची यादी, फोटोसकट, हे मेजर हे मायनर हे दोषच नाही, क्लायंटची सही घेऊन बुकिंगलाच जोडायची. जेनेरिक चेकलिस्टवर सोडलंत तर पश्चात्ताप होईल.

दुसरी तक्रार तारखांची. सीझनमध्ये हवी ती तारीख मिळत नाही, आणि मिळालेली आदल्या दिवशी पुढे ढकलतात, तिकडे जहाजाचं बुकिंग झालेलं असतं. तपासणी आणि जहाज यात निदान चार-पाच दिवसांचं अंतर ठेवाच, फेल झालं तर दुरुस्तीला वेळ नको का. तिसरं म्हणजे फोटो. रिपोर्टमध्ये शंभरेक फोटो असतात पण जो दोष क्लायंटला बघायचाय त्याचाच फोटो धूसर, असं बऱ्याचदा होतं. म्हणून मी दोषी नगाचे फोटो स्वतः पण काढते, मोजपट्टी शेजारी ठेवून, आणि मेलमध्ये टाकते.

आणि हे नीट समजून घ्या की पास म्हणजे सगळे नग निर्दोष असं नाही. १२५ मध्ये ७ मेजर निघाले तरी लॉट पास आहे! म्हणजे न बघितलेल्या मालातही काही असणारच. क्लायंटला हे आधीच समजावून सांगितलेलं बरं, आणि विक्रीनंतर निघालेल्या दोषी नगांचं काय करायचं, बदलून द्यायचे की पुढच्या बिलात वजा, हे करारात लिहिलेलं बरं.

कंटेनर भरतानाची देखरेख ही वेगळी सर्व्हिस आहे, तिचे वेगळे पैसे. दरवेळी लागत नाही. पण पहिल्या कंटेनरला मी घेतली होती आणि एक चांगली गोष्ट शिकले, रिकाम्या कंटेनरमध्ये आत उभं राहून दारं बंद करायला लावायची आणि अंधारात वर बघायचं, कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. आता आमची माणसं हे दर कंटेनरला करतात आणि आतला फोटो, सील नंबरचा फोटो क्लायंटला जातो.

कोणी घ्यावी? नवा क्लायंट असेल, नवं प्रॉडक्ट असेल, कारखान्यात नवं मशीन किंवा नवा पुरवठादार आला असेल तर नक्की घ्या. फार छोटी ऑर्डर असेल तर मॅन-डेचा खर्च जड जातो, तिथे लाइव्ह व्हिडिओवर क्लायंटनेच खोकी निवडायची आणि आपण त्याच्यासमोर उघडायची हा पर्याय आम्ही वापरलाय, एजन्सीची सर येत नाही पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. एजन्सी निवडताना तुमच्याच प्रकारच्या मालाचा जुना नमुना रिपोर्ट मागा, शक्यतो फेल झालेला, आणि त्यातली दोषांची पानं वाचा. दोष कुठे आहे, किती नगांत आहे आणि तो मेजर का धरला हे तुम्हाला, तो माल कधी न बघता, त्या पानांवरून समजलं तर तुमच्या क्लायंटलाही समजेल. नाही समजलं तर दुसरी एजन्सी बघा.